शोधकुत्रा, वारा आणि हरवलेला मुलगा : किशोर रहस्यकथेसाठी मदत हवी

रानजाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकला शाळेत शिकवते, आठवी-नववीचे वर्ग. सुट्टीत एक किशोर रहस्यकथा लिहायला घेतली आहे. गोष्ट हरिश्चंद्रगडावरची. डिसेंबरातलं शाळेचं शिबिर, पाचनईच्या वाटेने सगळे वर आलेत, आणि पहाटे डोकी मोजतात तर १४ वर्षांचा एक मुलगा तंबूत नाही. नायिका मुक्ता, वय १५. तिच्या मामाकडे शोधकुत्रा आहे.

चार प्रकरणं झाली आणि गाडी अडली. मी लिहिलंय ते असं : कुत्र्याला मुलाची टोपी हुंगवतात, तो जमिनीला नाक लावून केदारेश्वराच्या गुहेपासून धावत सुटतो आणि दोन पानांत मुलगा सापडतो. लेकीने वाचलं आणि विचारलं, "आई, सगळं कुत्र्यालाच कळलं, मग मुक्ताने काय केलं?" तेव्हापासून वही मिटून ठेवली आहे.

कुत्रा खरोखर कसा शोधतो आणि कुठे फसतो, हे जवळून पाहिलेल्यांनी सांगा. मुलांना खोटं काही वाचायला द्यायचं नाही. मामा मुक्ताला आल्प्समधल्या सेंट बर्नार्ड कुत्र्यांची, त्यांच्या गळ्यातल्या ब्रँडीच्या पिंपाची गोष्ट सांगतो असाही प्रसंग आहे. तो ठेवू का?

घाटवाटा

मी पुण्याचा. १२ वर्षं डोंगरातल्या बचावकार्यात स्वयंसेवक आहे. आपल्याकडची वस्तुस्थिती आधी सांगतो.

सह्याद्रीत कोणी हरवलं की फोन जातो पोलिसांना किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला. तिथून जवळच्या संस्थेला निरोप येतो. लोणावळ्याच्या बाजूला शिवदुर्ग मित्र, तशा ठिकठिकाणी संस्था आहेत. आम्ही पोचेपर्यंत पायथ्याच्या गावातली पोरं निम्मा डोंगर पालथा घालून आलेली असतात. आमच्याकडे दोर, स्ट्रेचर, हल्ली ड्रोन. कुत्रा नाही. तो येतो पोलिसांच्या श्वानपथकाकडून नाहीतर एनडीआरएफकडून, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडून. त्यांची ५वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. म्हणून मामाला एनडीआरएफमध्ये घाला. घरी पाळलेला शोधकुत्रा आपल्याकडे पटणार नाही.

आणखी एक. एनडीआरएफच्या कुत्र्यांचं नाव झालं ते ढिगाऱ्यांमुळे. २०२३च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपात रोमिओ आणि ज्युली या दोन लॅब्रॅडॉरनी नुरदागीला ढिगाऱ्याखालच्या ६ वर्षांच्या मुलीची जागा दाखवली होती. ढिगारा म्हणजे जागा ठरलेली, माणूस खाली. उघड्या रानात माणूस कुठल्या दिशेला आहे इथपासून सुरुवात. कुत्रा तोच असला तरी काम वेगळं आहे.

टोपीबद्दल. माझ्या एका शोधात हरवलेल्या मुलाचा शर्ट श्वानपथक येईपर्यंत २०-२५ जणांच्या हातातून फिरला होता. आईने छातीशी धरला, काकांनी घडी घातली, कोणीतरी पिशवीत इतर कपड्यांबरोबर कोंबला. कुत्रा हुंगून गोल गोल फिरत राहिला. सगळे म्हणाले, कुत्र्याला जमलं नाही. मला आजही त्या कुत्र्याबद्दल वाईट वाटतं.

पाइनवन

रानजाई, धागा वाचून कामं बाजूला ठेवली. मी मूळची कऱ्हाडची, गेली १६ वर्षं सिएटलजवळ राहते. इथल्या काउंटीच्या शोधपथकात विनामूल्य काम करते, सोबत माझी लॅब्रॅडॉर, कोयना. इथे रानातला शोध शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या अधिकारात चालतो, आणि रात्री २ वाजता फोन आला की निघणारे बहुतेक माझ्यासारखे स्वयंसेवक असतात.

पहिली गोष्ट, शोधकुत्रे दोन तऱ्हेचे. एक जमिनीलगत माग काढणारा. त्याला त्या माणसाची वस्तू हुंगवतात आणि तो लांब पट्ट्यावर, माणूस जिथून गेला त्या वाटेने जातो. ब्लडहाउंड यासाठी प्रसिद्ध. तुम्ही लिहिलाय तो हा. दुसरा वारा घेणारा. त्याला पट्टा नसतो, बऱ्याचदा टोपीही लागत नाही. त्या भागात जो कोणी माणूस असेल त्याचा वास तो हवेतून पकडतो. कोयना दुसऱ्या जातकुळीची. तुमच्या शिबिरात ६० मुलं पठारभर हुंदडलेली आहेत, म्हणजे मागाचा पार चिखल झालेला. तिथे वारा घेणाराच कुत्रा कामाचा.

आता वास म्हणजे काय ते. आपल्या अंगावरून सतत त्वचेचे बारीक कण गळत असतात, मिनिटाला हजारो. ते वाऱ्याबरोबर जातात. डोळ्यांपुढे आणायचं असेल तर देवघरातली उदबत्ती बघा. टोकापाशी धूर दोऱ्याएवढा, पुढे पसरत जातो, खिडकी उघडली की वळतो, पंखा लावला की फाटतो, कोपऱ्यात साचतो. हरवलेला माणूस म्हणजे ती उदबत्ती. कुत्रा त्या धुराला आडवा जातो, वास लागला की मान झटकन वळते, शेपटीची ठेवण बदलते, मग तो या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जात धूर अरुंद होत जातो तिकडे सरकतो. म्हणून आम्ही शोध वाऱ्याला काटकोनात घेतो. माझ्या खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली असते. दर थोड्या वेळाने चिमटीभर उडवते आणि कुठे गेली ते बघते. कुत्र्याइतकंच लक्ष त्या पावडरीकडे.

डोंगरात हे सगळं दिवसातून दोनदा उलटतं. उन्हाने उतार तापला की हवा वर चढते. सूर्य गेला, उतार गार झाला की तीच हवा ओढ्यानाल्यांतून पाण्यासारखी खाली वाहते. सकाळी ७ला दरीच्या काठावर कुत्र्याला काहीही लागणार नाही आणि दुपारी ३ला त्याच काठावर तो वेडा होईल. माणूस जागचा हललेलाही नसेल.

पिंपाचं : बॅरी नावाचा कुत्रा खरा. १८०० ते १८१४ हे त्याचं आयुष्य, ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात होता. ४०च्या वर माणसं वाचवली असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याला पेंढा भरून बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवलं आहे. पण गळ्यातलं पिंप एका चित्रकाराने आपल्या चित्रात दिलेलं. आणि गारठलेल्या माणसाला दारू दिली तर त्वचेकडच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि अंगातली ऊब आणखी पटकन निघून जाते. मामाच्या तोंडी ही गोष्ट ठेवा, पण मुक्ताने त्याला दुरुस्त करू दे.

गोठा_ते_गड

पशुवैद्य आहे, संगमनेर. पाइनवनताईंनी फार छान समजावलं. मी उष्म्याचं बोलतो, कारण आपल्या लेखकांचा कुत्रा भर उन्हात दिवसभर पळतो.

कुत्रा अंगभर घाम गाळून थंड होऊ शकत नाही. तो धापा टाकतो, आणि तोंडाने धापा टाकणारा कुत्रा नाकाने नीट हुंगू शकत नाही. हुंगताना तो सेकंदाला साधारण ५ वेळा श्वास आत ओढतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून जातो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. हे सगळं यंत्र दमलं की बंद. सह्याद्रीच्या उघड्या कातळावर एप्रिलमध्ये मी कुत्र्याला सकाळी ९नंतर कामाला लावणार नाही. तुमचा डिसेंबर ठीक आहे, तरी पाणी, सावली आणि पंजे यांच्याकडे मामाचं लक्ष असलंच पाहिजे.

जात लॅब्रॅडॉरच ठेवा. आपल्या लातूर-सोलापूरकडचा कारवान देखणा आणि चपळ, पण तो मुळात नजरेने शिकार धरणारा. पळणारा ससा दिसला की सुटतो. आणि गड अभयारण्यात येतो, कळसूबाई-हरिश्चंद्रगड. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय कुत्रा मोकळा सोडता येत नाही. अकोले-जुन्नर पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. रात्रीचा शोध लिहिताना मामाच्या पोटातली ही भीती विसरू नका.

निवृत्त_हवालदार

लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये होतो, मेरठला प्रशिक्षण झालं. कुत्रा फसतो कुठे, असं ताईंनी विचारलं. माझ्या अनुभवात कुत्रा कमी आणि माणूस जास्त फसतो.

कुत्रा दिवसभर हँडलरकडे, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसाकडे, बघत असतो. हँडलरला वाटलं की वस्तू या खोलीत आहे, तर त्याची पावलं तिथे हळू पडतात, हात पट्ट्यावर आवळतो, श्वास धरला जातो. कुत्र्याला तेवढं पुरतं. तो बसतो. सगळे म्हणतात, सापडलं! वस्ताद आम्हाला म्हणायचे, पट्ट्यातून तुझ्या मनातलं खाली जाऊ देऊ नकोस, कुत्र्याच्या मनातलं वर येऊ दे. नवीन जवानाला हे शिकायला कुत्र्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गोठा_ते_गड

हवालदारसाहेब, तुमच्या म्हणण्याला पुरावा आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. अमली पदार्थ आणि स्फोटकं हुंगणाऱ्या १८ जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हँडलर. एका चर्चमध्ये शोध घ्यायला सांगितलं. हँडलरना सांगितलं होतं की काही ठिकाणी लाल कागद लावलेत, वास तिथे आहे. प्रत्यक्षात अमली पदार्थ किंवा स्फोटकं कुठेच ठेवलेली नव्हती. १४४ फेऱ्यांत २२५ खोटे इशारे आले आणि सर्वात जास्त आले ते लाल कागदांपाशी. कागदाचा अर्थ कुत्र्याला कळत नव्हता. कळत होता तो फक्त माणसाला.

डांगाणी

माझं गाव डांगाणात, गडाच्या पायथ्याच्या पट्ट्यात. ताई, एक बोलू का, राग मानू नका. गोष्टीत गावातलं कोणीच नाही. आमच्याकडे हरवलेलं ढोर शोधायला म्हातारी माणसं जातात ती मोडलेलं गवत बघून, दव पुसलेली पट्टी बघून. कुत्रं येईस्तोवर दुपार होते. तोवर निम्मं काम गावाने केलेलं असतं आणि पेपरात नाव दुसऱ्याचं येतं. हे मनाला लागतं.

आता वाऱ्याचं. कोकणकड्यावर दुपारी उभे राहा, टोपी टाकली तर वर येते. पावसाळ्यात पाणीसुद्धा उलटं उडतं. पण कड्याच्या बाजूला नळी आहे, बेलपाड्याकडून वर येणारी नळीची वाट. ती उभी घळ आहे, दोन्ही अंगाला भिंती, मधे दगडांचा खच. चुलीच्या धुराड्यासारखी हवा ओढते. तोंड पश्चिमेला, म्हणून हिवाळ्यात ऊन आत शिरायला दुपार होते. तोवर आत गारठा आणि हवा खाली चाललेली. दुपारनंतर उलटी, तळाची हवा माथ्यावर. शेळ्या राखायचो तेव्हा खाली कोणी शेकोटी केली तर धुराचा वास आम्हाला वर दुपारीच यायचा, सकाळी कधी नाही.

पाइनवन

डांगाणीदादा, तुम्ही शेकोटीच्या धुराचं लिहिलंत ते शोधाच्या कुठल्याही वर्गात शिकवावं असं आहे. आणि गावाबद्दल म्हणता ते रास्तच आहे. इथेही सुरुवातीला मागकाढ्यांनाच बोलावतात. वाटेवरचा एक ठसा सापडला तर शोधायचा प्रदेश निम्म्याने कमी होतो.

घाटवाटा

+१. डांगाणींनी गावाबद्दल लिहिलं ते मला जाहीरपणे मान्य करायचं आहे. आमचे अहवाल लिहिताना ती नावं राहून जातात.

रानजाई

दोन दिवस नुसती वाचत होते. डांगाणीदादा, राग कसला, तुमच्यामुळे गोष्ट सापडली. ऐका.

मुलगा नळीत आहे. वरच्या तोंडातून आत शिरला आणि २००-२५० फूट खाली एका धोंड्याआड अडकला, पाय मुरगळलाय, ओरडून घसा बसलाय. तो तिथे का गेला हे रहस्याचं दुसरं अर्धं आहे, ते इथे फोडत नाही.

मामाचा कुत्रा सकाळी ७ला पठार तपासतो. नळीच्या तोंडाशीही जातो. काही नाही. नकाशावर त्या तुकड्यावर फुली पडते. मग सगळे कोकणकड्यावर जमतात, कारण मुलाचा चष्मा कड्याजवळ सापडलेला आहे. शिक्षक रडताहेत, गावकरी खाली वाकून बघताहेत, मामाच्याही मनात भरलंय की पोरगा गेला. कुत्रा कड्याच्या काठाशी येतो, मामा थबकतो, आणि कुत्रा भुंकतो. झालं. सगळी ताकद कड्याच्या तळाशी लागते. फुली मारलेल्या तुकड्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही.

सकाळी कुत्र्याने सांगितलेलं खरं होतं, माणसांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला. कड्यावर माणसांनी आधीच अर्थ लावून ठेवला होता, कुत्र्याने तो फक्त परत केला. हे शक्य आहे ना?

निवृत्त_हवालदार

शक्य आहे. मामाला पुढे वाईट ठरवू नका एवढीच विनंती. चांगल्या हँडलरकडूनही हे होतं, आणि समोर आई-बाप उभे असले की हमखास होतं.

पाइनवन

शक्य आहे, आणि मी अशी फुली मारलेली आहे. दोन वर्षांपूर्वी, सरावात. पहाटे एक ओढ्याकाठचा तुकडा तपासला, कोयना शांत, मी रेडिओवर सांगितलं, इथे कोणी नाही. लपलेली मुलगी त्याच तुकड्यात, माझ्यापासून १०० पावलांवर उताराच्या बाजूला होती. हवा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होती. त्या दिवसापासून मी "इथे कोणी नाही" हे वाक्य वापरत नाही. म्हणते, "या वाऱ्यात, या वेळी, कुत्र्याला लागलं नाही." नकाशावर फुलीशेजारी वाऱ्याचा बाण आणि वेळ लिहिते. तुमच्या गोष्टीतल्या नकाशावर फुल्या आहेत, बाण नाहीत. मुक्ताच्या ते लक्षात येऊ दे.

घाटवाटा

कथा जबरदस्त झाली, पण एक शंका. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कसं समजेल? मोठी माणसं चुकली आणि एकटी तीच हुशार, असं झालं तर वाचकाला पटणार नाही.

पाइनवन

तिला लपणारी करा. वारा घेणाऱ्या कुत्र्याचं सगळं शिक्षण म्हणजे लपाछपी. कोणीतरी रानात जाऊन लपायचं, कुत्र्याने शोधायचं, सापडल्यावर लपलेल्याने त्याच्याशी दोरीची ओढाताण खेळायची. त्या खेळासाठी कुत्रा जीव टाकतो. वेगवेगळी माणसं लागतात म्हणून आम्ही सतत लपणारे शोधत असतो. ब्रिटनमधल्या डोंगरी पथकांत त्यांना खास नाव आहे, डॉग्जबॉडी. आणि इथे किंग काउंटीत १४ वर्षांपासूनची मुलं शोधपथकात रीतसर काम करतात, त्यामुळे वयाची अडचण मला वाटत नाही.

निवृत्त_हवालदार

आमच्या लाइनीतली, म्हणजे जवानांच्या वसाहतीतली पोरं हौसेने लपायची. रविवारी सकाळी रांग लागायची. मामाच्या क्वार्टर्समध्ये राहणारी भाची लपायला जाते, यात खोटं काही नाही.

रानजाई

मिळालं! मुक्ताने कुत्रा कायम पलीकडच्या बाजूने पाहिलाय, शोधला जाणाऱ्याच्या बाजूने. कारवीत तासन् तास बसून तिने कुत्र्याच्या गळ्यातली घंटी जवळ येताना, शेजारून निघून जाताना ऐकली आहे. आपण इतके जवळ असून तो का गेला, हे कोडं तिला कितीतरी रविवार पडलेलं. एकदा गालाला लागणारा वारा फिरला आणि मिनिटाभरात कुत्रा तिच्या मांडीवर होता. मामाने हे कधी पाहिलंच नव्हतं, तो नेहमी कुत्र्याच्या मागे असायचा. ती दुपारी ३ला मामाला नळीच्या तोंडाशी परत न्यायला भांडते. डोंगरातल्या वाऱ्याचं गणित तिला गावातली एक शेळ्या राखणारी आजी सांगते. डांगाणीदादा, ती आजी तुमची.

लेकीला रात्री सांगितलं. ती म्हणाली, "आता लिही."

शेवटचा प्रश्न पाइनवनताईंना. कुत्र्याला माणूस सापडला की त्या क्षणी नेमकं काय होतं?

पाइनवन

कोयना माणसापर्यंत जाते, मग त्याला तिथेच सोडून माझ्याकडे धावत येते आणि दोन्ही पंजे माझ्या मांडीवर आपटते. मी म्हणते, "दाखव." हो, मराठीतच. "शोध" आणि "दाखव" हे तिचे दोन शब्द, पथकातल्या सगळ्यांना आता पाठ झालेत. ती परत फिरते, मी मागे. मी दिसेनाशी झाले तर थांबते, वळून बघते. आडवं झाड, चिखल, काहीही असो, तिला दोनदा जावं लागतं.

खऱ्या शोधात आम्हाला एकदाच जिवंत माणूस मिळाला. वयस्कर गृहस्थ, रात्रभर पावसात देवदाराच्या बुंध्याशी बसलेले, बोलण्यापलीकडे गारठलेले. मी त्यांना चांदीच्या कागदाच्या पांघरुणात गुंडाळत होते आणि कोयना खेळण्याची दोरी माझ्या पिशवीतून ओढून काढून त्यांच्या हातात देत होती. तिच्या हिशेबी ते लपलेले होते आणि खेळ त्यांच्याकडे बाकी होता. त्यांची बोटं वळत नव्हती. तरी त्यांनी दोरी धरली. रेडिओवर जागा सांगताना माझा आवाज फुटत होता तो मात्र त्या दोरीमुळे.

डांगाणी

ताई, आजीचं वाचून घरात सगळ्यांना दाखवलं. लिहायच्या आधी एकदा दुपारी ३ला नळीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहा, लेकीला पण आणा. मी येतो सोबत. आत उतरायचं नाही, वरूनच. ती पावडरची बाटली तेवढी आठवणीने घ्या.